ऑटोथ्रस्ट आहे, पण वेग कोण सांभाळतंय?

सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) झालं, आता एअरबस ए३२०चं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचं खास प्रशिक्षण, अशा टप्प्यावर असाल तर ऑटोपायलट नाक सांभाळतो आणि ऑटोथ्रस्ट इंजिनं, हे तुम्हाला पाठ असणार. मलाही होतं. तेवढ्याच भांडवलावर मी सिम्युलेटरमध्ये तोंडावर आपटलो.

३४,००० फूट, विमान जड, अजून चढायचं होतं. कंट्रोलरची भूमिका करणारे सर म्हणाले, लवकर चढा. मी व्ही-एसचा, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या गतीचा, नॉब ओढून मिनिटाला +१५०० फूट लावलं आणि निवांत नकाशा बघत बसलो. वेग ग्रीन डॉटच्या (वेगपट्टीवरची हिरवी खूण, याखाली वेग जाऊ द्यायचा नसतो) खाली गेल्यावर सरांनी सिम्युलेटर थांबवला. "वेग कोण सांभाळतंय?" "ऑटोथ्रस्ट, सर." "मग तो दमला का?"

दमलाच होता. सेशन पुन्हा करावं लागलं. जादा पैसे बाबांनी भरले आणि आजवर त्यावर चकार शब्द काढला नाही. तेच जास्त लागतं.

आता कसारा घाट चढणारा ट्रक डोळ्यांसमोर आणा. चढ ठरलेला, ड्रायव्हर वेगासाठी अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त करतो. हा झाला व्ही-एस: चढ ऑटोपायलटने धरलेला, वेग ऑटोथ्रस्टकडे. पण अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला की? चढ तोच, ताकद संपली, ट्रक मंदावणारच. विमानात तो तळ म्हणजे क्लाइंब थ्रस्ट, चढताना इंजिनांना मिळणारी कमाल ताकद, आणि वर हवा विरळ म्हणून तो लवकर लागतो. ओपन क्लाइंब या दुसऱ्या मोडमध्ये उलटं. थ्रस्ट क्लाइंबवर ठेवून दिलेला, वेगासाठी ऑटोपायलट नाक वर-खाली करतो, म्हणजे घाटाचा चढच बदलतो! त्या दिवशी उंचीचा नॉब ओढून ओपन क्लाइंब लावला असता तर नाक जरा खाली येऊन वेग सावरला असता. एवढंच काम होतं.

उतरतानाही हेच, त्याला ओपन डिसेंट म्हणतात, फक्त थ्रस्ट आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं ए३२० धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं, १४६ पैकी ९२ जण गेले. उतरताना ते आयडल ओपन डिसेंटमध्ये होतं. इंजिनं आयडलवर, नाक पुरेसं खाली नाही, म्हणून वेग घसरत गेला, ताकद मागितली तेव्हा उशीर झाला होता. हे वाचून झोप उडाली तर उडू द्या.

बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल लिव्हर स्वतः हलवतो, हाताला कळतं. एअरबसचे लिव्हर क्लाइंबच्या खाचेत ढिम्म बसलेले. त्यामुळे आधार एकच, समोरच्या स्क्रीनवरचा एफएमए, म्हणजे कोणते मोड चालू आहेत ते दाखवणारी पट्टी. पहिला रकाना थ्रस्ट, दुसरा उभी दिशा, तिसरा आडवी. पहिल्यात 'स्पीड' दिसलं तर वेग इंजिनांकडे, 'थ्रस्ट क्लाइंब' दिसलं तर नाकाकडे. टेलिग्रामवरच्या एकपानी नोट्समध्ये मोडची नावं मिळतात, 'वेग कोण सांभाळतंय' हा प्रश्न मिळत नाही. आणि "सिममध्ये आपोआप कळेल" म्हणणाऱ्या सीनियरला चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

घाबरू मात्र नका. मला तीन आठवडे लागले, आणि मी काही फार हुशार नाही. गंगापूर रोडच्या घरी कपाटावर कॉकपिटचं पोस्टर चिकटवून मोठ्याने बोलायचो: "स्पीड, व्ही-एस, हेडिंग." आई भाजी निवडत ऐकायची. एकदा घाईत मी थेट व्ही-एसपासून सुरुवात केली, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, पहिलं राहिलं."