जोडीदारासोबत जर्मनीत आलेल्या आयटीतल्या मंडळींनी पहिले वर्ष कसे घालवावे

पती किंवा पत्नीला जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर, नोकरी मिळाली म्हणून पुण्यातील किंवा बंगळूरमधील चांगली चाललेली नोकरी सोडून जे येथे येतात, त्यांना काम करण्याची मुभा सुरुवातीपासूनच असते. अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्यांना वेगळ्या परवान्याची वाट पाहावी लागते, तसे येथे नाही. निवासपत्रावरच तशी ओळ छापलेली असते आणि तिच्यात नोकरीबरोबर स्वतंत्र व्यवसायही येतो. इतकेच नव्हे, तर ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या ए१ पातळीचे (ए१ ही सर्वांत प्राथमिक पातळी, त्यापुढे ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्या) प्रमाणपत्रही लागत नाही. ही सवलतच पुढे महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कायदा भाषा मागत नाही म्हणून माणसे ती न शिकता येतात आणि नोकरी देणारे मात्र ती मागतात.

इंग्रजीवर निभावणाऱ्या जागा आहेत, पण त्या मुख्यतः बर्लिन आणि म्युनिकमधील स्टार्टअप व बहुराष्ट्रीय कंपन्यांत, आणि त्यांच्यासाठी जगभरातून अर्ज येतात. स्टुटगार्टसारख्या परिसरात कामे देणाऱ्या कंपन्या बहुधा मध्यम आकाराच्या असतात व त्यांचे ग्राहक, बैठका आणि कागदपत्रे जर्मनमध्येच असतात. मुलाखतीत तांत्रिक फेरी इंग्रजीत उत्तम पार पडते, सगळे हसतखेळत बोलतात आणि उठायच्या आधी टीम लीड विचारतो, “दर मंगळवारी ग्राहकाबरोबरची बैठक जर्मनमध्ये असते, जमेल ना?” त्यानंतर काही दिवसांनी जे सभ्य नकारपत्र येते, त्यात भाषेचा उल्लेखही नसतो, त्यामुळे उमेदवार आपल्या तांत्रिक तयारीतच खोट शोधत बसतो. बॅकएंड, डेटा इंजिनिअरिंग किंवा एम्बेडेडचे काम करणाऱ्यांचे थोड्या जर्मनवर भागू शकते. बिझनेस ॲनालिस्ट, प्रोजेक्ट मॅनेजर, सपोर्ट आणि एसएपी सल्लागार यांनी मात्र बी२ पातळीशिवाय फारशी आशा धरू नये.

म्हणून पहिल्या वर्षातील मोठा भाग भाषेला द्यावा आणि शेकडो अर्ज पाठवण्याऐवजी निवडक जागांसाठीच नीट तयारी करून अर्ज करावेत. निघायला अवधी असेल तर पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ए१ आणि ए२ उरकून यावे. येथे आल्यावर निवासपत्रासाठी आउसलेंडरबेहोर्डे या कार्यालयात जाल, तेव्हाच सरकारी इंटिग्रेशन कोर्ससाठी पात्रतेचे पत्र मिळेल का, हे विचारावे. या अभ्यासक्रमात भाषेच्या ६०० व देशाच्या माहितीच्या १०० तासिका असतात, तासिका ४५ मिनिटांची असते आणि शेवट बी१ पातळीला होतो. त्याच सुमारास आगेंटूर फ्यूर आर्बाइट या रोजगार कार्यालयात नाव नोंदवावे. आपण येथे विमा हप्ते भरलेले नसल्याने बेकारी भत्ता मिळणार नाही, तरीही सल्ला मिळतो, बी१ नंतरचा व्यावसायिक भाषावर्ग मिळू शकतो आणि अधिकाऱ्याला पटले तर प्रशिक्षणाचा खर्चही ते कार्यालय उचलते. घरात लहान मूल असेल तर किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागेसाठी अर्ज सर्वांत आधी करावा. ती रांग नोकरीच्या रांगेपेक्षाही लांब असते.

आपल्याकडचा सहा पानी सीव्ही, ज्यात प्रत्येक प्रोजेक्टखाली जबाबदाऱ्यांचे तेच ते मुद्दे असतात, येथे कोणी वाचत नाही. तो दोन पानांत आणावा, प्रत्येक नोकरीपुढे महिना व वर्ष लिहावे आणि स्थलांतर व भाषावर्गाचा काळही तसाच उघड मांडावा, कारण येथे कारण दिलेल्या खंडापेक्षा न सांगितलेला खंड जास्त खटकतो. जर्मन कंपन्या नोकरी सोडणाऱ्याला सविस्तर कार्यपत्र देतात. आपल्या जुन्या कंपनीचे तीन ओळींचे रिलिव्हिंग लेटर त्यापुढे फिके पडते, तेव्हा निघण्यापूर्वीच एचआरच्या मागे लागून कामाचे स्वरूप, तंत्रज्ञान आणि कालावधी यांसह पत्र घ्यावे. आयटीत पदवीची औपचारिक मान्यता सक्तीची नाही, परंतु ‘अनाबिन’ या सरकारी सूचीतील आपल्या विद्यापीठाच्या नोंदीची प्रत जवळ असावी.

भारतातीलच नोकरी येथे बसून ऑनलाइन चालू ठेवण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. जर्मनीत राहून केलेल्या कामाला सर्वसाधारणपणे येथील कर आणि सामाजिक विम्याचे नियम लागतात, तेव्हा कंपनीची लेखी संमती आणि करसल्लागाराचे मत घेतल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये. गुपचूप तर मुळीच नको. दरम्यान आरोग्य विम्याची चिंता नसते, कारण जोडीदार सरकारी विमायोजनेत असेल तर कमावत्या नसलेल्या पती किंवा पत्नीला त्यातच विनाशुल्क सामावून घेतात. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो, हे जोडीदाराने तो निवडण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

नोकरी लागल्यावर पगार ठरलेल्या मर्यादेइतका असेल, तर आपण स्वतःचे ब्लू कार्ड घेऊ शकता. मग निवासाचा हक्क जोडीदाराच्या नोकरीवर अवलंबून राहत नाही आणि बी१ असल्यास २१ महिन्यांनी, ए१ असल्यास २७ महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. पहिली पगारपत्रिका पाहून मात्र अनेकांचा हिरमोड होतो. जोडप्याने तीन व पाच असे करवर्ग, म्हणजे एकाच्या पगारातून कमी आणि दुसऱ्याच्या पगारातून जास्त कपात, घेतलेले असले, की पाच वर्गातल्या व्यक्तीच्या पगारातून भरमसाट कर कापला जातो. वर्षअखेरीच्या विवरणपत्रात दोघांचा एकूण कर सारखाच निघतो हे खरे, पण बेकारी भत्ता आणि बाळाच्या जन्मानंतर मिळणारे एल्टर्नगेल्ड या दोन्हींचा हिशेब निव्वळ पगारावरून होत असल्याने, मुलाचा विचार असेल तर दोघांनी चार-चार हा समान कपातीचा वर्ग बऱ्याच आधी मागून घ्यावा.