सबस्क्रिप्शनची बिलं टॅलीत आपोआप कशी उतरवायची

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधली एक कंपनी इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांना स्टॉक सांभाळायचं सॉफ्टवेअर महिना १,००० रुपयांनी देते, असं धरू. बिलिंग सॉफ्टवेअर दर महिन्याला बिल काढतं आणि पैसे कापून घेतं; हिशेब टॅलीप्राइम या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये राहतो. ग्राहक पन्नास असेपर्यंत अकाउंटंट हाताने नोंदी मारतो. पाचशे झाले की जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) ११ तारीख आली तरी मागच्या महिन्याची बिलं चढलेली नसतात. मग कोणीतरी म्हणतं, दोन्ही जोडून टाका.

जोडायच्या आधी एक गोष्ट ठरवा: बिल क्रमांक कोण देणार? उत्तर बिलिंग सॉफ्टवेअर हेच असावं, कारण ग्राहकाच्या हातात तेच बिल पडतं. टॅलीत सबस्क्रिप्शनच्या विक्रीसाठी वेगळा व्हाउचर टाइप (नोंदीचा प्रकार) करा, नंबरिंग मॅन्युअल ठेवा आणि डुप्लिकेट रोखण्याचा पर्याय चालू करा. नंबरिंग ऑटोमॅटिक राहिलं तर टॅली स्वतःचा क्रमांक लावते. मग ग्राहकाच्या बिलावर एक आणि तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये दुसरा. जीएसटीत बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. ‘एनजीपी/२६-२७/०००४१२’ हा नमुना रोमन अक्षरांत बरोबर १६ मध्ये बसतो. बिलिंग सॉफ्टवेअरचे मूळचे लांबलचक क्रमांक बहुधा बसत नाहीत, ते आधीच बदला. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल तर ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. तेही एकाच ठिकाणाहून काढा. दोन्हीकडून पाठवलं तर पोर्टल दुसरं परत करतं.

आता लेजर, म्हणजे टॅलीतलं खातं. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असलेल्या प्रत्येक ग्राहकाचं वेगळं लेजर हवं. बाकी किरकोळ ग्राहक एका लेजरखाली बिलवार चालतात. लेजरच्या नावात ग्राहक क्रमांक घाला: ‘श्री ट्रेडर्स - १०४२’. इतवारीत श्री ट्रेडर्स एकच असेल या भरवशावर राहू नका. माहिती टॅलीत एक्सएमएल या मजकुराच्या साच्यातून जाते. एक्सएमएलमधलं नाव टॅलीतल्या नावाशी जुळलं नाही तर व्हाउचर आत येतच नाही, म्हणून आधी मास्टर (लेजरसारखी मूळ माहिती) पाठवा, मग व्यवहार. नावात ‘अँड’चं चिन्ह (&) असेल तर ते एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे बदलून पाठवा. ‘अमुक अँड सन्स’ छापाच्या फर्मचीच बिलं अडकत असतील तर हे आधी तपासा.

कर ग्राहकाच्या राज्यावरून ठरतो. नोंदणीकृत ग्राहकाच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे बघा: २७ म्हणजे महाराष्ट्र, तिथे सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ टक्के. छिंदवाड्याचा ग्राहक २३, रायपूरचा २२. दोघांना आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) १८ टक्के. नागपूरच्या कंपनीला हे ग्राहक हमखास असतात, आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एकच ‘जीएसटी १८’ असा कर करून ठेवलेला असतो. तो तीन भागांत फोडा आणि प्रत्येकाला टॅलीतलं लेजर नेमून द्या. पैशांच्या फरकासाठी राउंड ऑफचं लेजरही लागेल.

सगळ्यात जास्त घोळ पैशांच्या नोंदीत होतो. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे. १,००० अधिक १८० असं १,१८० चं बिल झालं. ग्राहकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या बँकेत टाकणाऱ्या गेटवेचं शुल्क २ टक्के म्हणजे २३.६०, त्यावर जीएसटी ४.२५, दोन-तीन दिवसांनी बँकेत आले १,१५२.१५, तेही इतर चाळीस ग्राहकांच्या पैशांसोबत एका रकमेत. म्हणून मध्ये ‘गेटवे येणे’ हे लेजर घाला आणि तीन नोंदी करा.

बिलाच्या दिवशी: पार्टी नावे १,१८०, विक्री जमा १,०००, सीजीएसटी ९०, एसजीएसटी ९०.
पैसे कापले त्या दिवशी: गेटवे येणे नावे १,१८०, पार्टी जमा १,१८०, त्याच बिलाच्या संदर्भाने.
सेटलमेंटच्या दिवशी (गेटवेने बँकेत पैसे टाकले तेव्हा): बँक नावे १,१५२.१५, गेटवे शुल्क नावे २३.६०, इनपुट जीएसटी नावे ४.२५, गेटवे येणे जमा १,१८०.

पहिल्या दोन नोंदी बिलिंग सॉफ्टवेअरच्या माहितीतून होतात. तिसरी गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टमधूनच करा, बँक स्टेटमेंटवरून नको. ‘गेटवे येणे’ची बाकी नेहमी तेवढीच हवी जेवढे पैसे सेटलमेंटच्या वाटेत आहेत. ती फुगत गेली तर सेटलमेंट सुटलंय; उलटी झाली तर पावती सुटलीय किंवा परतावा दोनदा पडलाय. ४.२५ चं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मात्र गेटवेच्या मासिक बिलावर आणि जीएसटीआर-२बी (पोर्टलवरचं खरेदीचं विवरण) बघूनच घ्या.

मोठे ग्राहक एनईएफटीने पैसे देतात आणि टीडीएस कापतात. ६०,००० अधिक १०,८०० च्या बिलावर २ टक्के कापले तर ६९,६०० येतात, कारण टीडीएस जीएसटी वगळून कापला जातो. हे १,२०० ‘टीडीएस येणे’ला गेले नाहीत तर बिलिंग सॉफ्टवेअर बिल अपुरं भरलेलं समजून ग्राहकाला रोज स्मरणपत्र धाडत बसतं.

आता प्रत्यक्ष जोडणी. टॅली एक्सएमएल घेते, साधारणपणे ९००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनवर माहिती आत यायचं दार); सेटिंगमधल्या कनेक्टिव्हिटीत तिला सर्व्हर म्हणून चालू करा. हे पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. बिलिंग सॉफ्टवेअरचा वेबहूक (घटना घडली की आपोआप येणारा संदेश) आपल्या सर्व्हरवर रांगेत साठवा, आणि ऑफिसच्या मशीनवरचा छोटा प्रोग्राम ती रांग ओढून टॅलीला देऊ दे. संध्याकाळी मशीन बंद झालं किंवा कंपनी उघडलेली नसली तरी मग काही हरवत नाही. रात्रीतून एकदा पुरे. क्षणाक्षणाला पाठवायचा हट्ट कशाला? उत्तर वेळेत गेलं नाही की वेबहूक पुन्हा येतो, म्हणून इव्हेंटचा (त्या घटनेचा) क्रमांक जपून ठेवा आणि तोच दुसऱ्यांदा आला तर सोडून द्या. टॅलीकडून उत्तर आलं म्हणजे नोंद झाली असं नाही. उत्तराच्या आत किती तयार झाल्या आणि किती चुकल्या हे वाचा. चाचणी टॅलीच्या एज्युकेशनल मोडवर (बिनलायसन्सची शिकाऊ अवस्था) करत असाल तर तिथे १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात, उगाच कोडमध्ये चूक शोधू नका.

तारखेचा सापळा वेगळाच. बिलिंग सॉफ्टवेअर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ पाठवतं, जी आपल्या साडेपाच तास मागे असते. १ एप्रिलला पहाटे २ वाजता निघालेलं बिल ३१ मार्चचं होऊन जुन्या वर्षात जातं. तारीख भारतीय वेळेत बदलूनच पाठवा.

वार्षिक प्लॅन १२,००० चा असेल तर जीएसटी २,१६० बिलासोबतच पूर्ण लागतो, उत्पन्न मात्र महिना १,०००. बिल विक्रीलाच टाका, म्हणजे रिटर्न सरळ राहतं, आणि महिनाअखेर जर्नलने उरलेली रक्कम ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’मध्ये न्या. १ ऑक्टोबरला सुरू झालेल्या प्लॅनचे ३१ मार्चला ६,००० देणं म्हणून दिसले पाहिजेत.

कार्डावरचं ऑटो-डेबिट १५,००० च्या वर गेलं की दर वेळी ग्राहकाची ओटीपी मंजुरी लागते, त्यामुळे महागडे प्लॅन बरेचदा अडतात. पैसे आले नाहीत म्हणून बिल टॅलीतून पुसू नका; क्रमांकात भोक पडतं आणि कंपन्यांना बंधनकारक असलेल्या एडिट लॉगमध्ये (कोणी काय बदललं याच्या नोंदीत) ते दिसतंच. प्लॅन रद्द झाला असेल तर क्रेडिट नोट (बिल कमी केल्याचा कागद) काढा. जीएसटी कमी करून घ्यायचा असेल तर ही नोट बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत, किंवा वार्षिक रिटर्न आधी भरलं तर त्याआधी, रिटर्नमध्ये दाखवावी लागते.

सुरुवात महिन्याच्या १ तारखेला करा. जुनी थकीत बिलं ओपनिंग बॅलन्समध्ये बिलवार चढवा. एकत्र रक्कम टाकली तर पुढच्या पावत्यांना जुळायला बिलच सापडत नाही.