बाभळीचा काटा सरळ असतो
बीएस्सीला असताना दोन दिवस खपून जलरंगात बाभळीची फांदी रंगवली होती. सरांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं नि विचारलं, "बाभळीला खैराचे काटे कधीपासून यायला लागले?" खैराचा काटा आखूड, आकड्यासारखा वाकडा, बाभळीचा लांब, सरळ, पेरापाशी जोडीनं. बाभळीच्या बांधावर लहानाचा मोठा झालो, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून वनस्पतींची अचूक चित्रं काढायला शिकणाऱ्या नवख्यांना सांगतो: महिनाभर रंगाला हात लावू नका. पेन्सिल, पट्टी आणि दहापट दाखवणारं भिंग पुरे.

मराठवाडा काही वाळवंट नाही, पण बांधावरची झाडं वाळवंटातल्या झाडांच्याच गोतावळ्यातली. राजस्थानातली खेजडी म्हणजे आपली सौंदडच. बोरीला बहुधा दोन काटे, एक सरळ नि एक वाकडा. पान उलटं केलं की खाली पांढुरकी लव. हिंगणबेटाचा काटासुद्धा हिरवा, पानाला दलं दोनच. बाभळीची शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. हे सगळं फांदी समोर ठेवून, मोजून काढायचं.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), पूर्ण सुती, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत घ्या. महाग पडतो, पण काटकसर करायचीच तर रंगांत करा. लेमन यलो, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि एखादा गुलाबी, एवढ्यावर माझी पहिली दोन वर्षं निघाली. ट्यूबमधला तयार हिरवा कोकणाला शोभतो, आपल्याकडच्या धुळकट पानांना नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो, त्यात पाणी वाढवत गेलं की हिवराची फिकट साल मिळते. पांढुरका काटा रंगवायचा नसतो; तेवढा कागद कोरा सोडून भोवतीचं रंगवायचं. मी आळसानं मास्किंग फ्लुइड (कोरा भाग झाकायला लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलं आणि कागद एप्रिलच्या उन्हात राहिला. काढताना कागदाचा पापुद्राच निघून आला, तीन आठवडे पाण्यात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काय ते उरका. नंतर कुंचला पाण्यात बुडवून आणेपर्यंत कागदावरचा रंग वाळलेला असतो.

पाखरं काढताना ऋतू सांभाळा. सुगरणीचे खोपे पावसाळ्यात विणले जातात आणि बाभूळही तेव्हाच फुलते, म्हणून पिवळे गोंडे नि हिरवा खोपा एका कागदावर चालतात. ताज्या हिरव्या खोप्याशेजारी उन्हाळ्यात पिकणारी शेंग काढली, तर शेतकरीच हसेल. नर अर्धाच खोपा विणून थांबतो, मादीला पसंत पडला तर पुढचं काम. तो टोपीसारखा अर्धा खोपा तुटलेला समजू नका. मला तर पुऱ्या खोप्यापेक्षा तोच काढायला आवडतो. खाटीक पक्षी टोळ, नाकतोडे काट्याला टोचून ठेवतो. बोरीवर असं काही दिसलं तर जागेवरच रेखाटन करा, फांदी तोडून घरी आणू नका.

पैशाचं म्हणाल तर पोट यावर भरत नाही. माझी पहिली कमाई शोधनिबंधासाठी केलेल्या काळ्या शाईच्या रेखाटनांची, जलरंगाची नव्हे. तेव्हा शाईचा हातही बसवून ठेवा.

आणि चित्राखाली गाव, तारीख, मोजमाप यांबरोबर स्वतःचं नावही घाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबरो यानं भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रं करून घेतली. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत.