घरासाठी बारा बोर घ्यायची तर

ग्वाल्हेरात बंदुकीचं कोणाला नवल नाही. भिंड-मुरैन्याच्या बसमध्ये शेजारचा माणूस खांद्याला बारा बोरची दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, अडकवून बसला तरी कोणी वळून पाहत नाही. शहराच्या लष्कर भागातल्या काही मराठी वाड्यांतही आजोबांची बंदूक अजून फडताळात असते. पण हल्ली घरातली मुलं मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, "काका, सेमी-ऑटो कुठली घेऊ?"

आधी सेमी-ऑटोचं बघू

चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं आत सरकतं, ती सेमी-ऑटो. यात मुख्य प्रकार दोन. गॅसवर चालणारीत दारूचा थोडा वायू दट्ट्या ढकलतो. धक्का कमी बसतो, पण काजळी धरते आणि साफसफाई जास्त लागते. दुसरीत धक्क्याच्या जोरावर आतली स्प्रिंग दबते आणि तीच यंत्रणा फिरवते. ती स्वच्छ राहते, मात्र खांद्याला जास्त लागते, आणि हलकं काडतूस घातलं तर अडकू शकते.

एवढं समजून घेतलं तरी आपल्याकडे गाडी इथेच थांबते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पिस्तुलं सोडली तर सेमी-ऑटो शस्त्रं पहिल्या वर्गात मोडतात. त्यांचं लायसन्स कलेक्टर देत नाहीत, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. २० इंचांहून आखूड नळीची शॉटगनही, म्हणजे छर्ऱ्याची बंदूकही, त्याच वर्गात. म्हणून कोणी नळी कापून देतो म्हणाला तर दुकानातून सरळ बाहेर पडा. घरासाठी उरतात दुनाळी, एकनाळी आणि पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ हाताने मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची बंदूक.

लायसन्स आधी, बंदूक नंतर

वय २१ पूर्ण हवं. अर्जासोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी लागते. मग पोलीस थान्याकडून चौकशी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सची मुदत ५ वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. आजोबांची वारसाने आली असेल तर तीही त्या दोनांतच मोजली जाते.

बंदूक ज्याच्या लायसन्सवर, त्याच्याच हातात. तुम्ही दौऱ्यावर असताना मुलाने ती उचलावी, हे कायद्यात बसत नाही. तुम्ही महिन्यातले वीस दिवस बाहेर असाल तर बंदुकीऐवजी भक्कम दार आणि अंगणात दिवा यांवर पैसे घाला.

दुनाळी की पंप?

माझं मत दुनाळीच्या बाजूने आहे. मोडली, म्हणजे सांध्यावर उघडली, की दोन्ही काडतुसं डोळ्यांना दिसतात, भरलेली की रिकामी हा संशयच राहत नाही. पंपमध्ये काडतुसं जास्त मावतात, पण घाबरलेल्या हाताने पुढची मूठ अर्धवटच ओढली तर ती अडकते. वर्षातून दोनदाही सराव न करणाऱ्याने पंपच्या नादी लागू नये.

दुकानात काय बघायचं

जुनी बंदूक असेल तर घाई करू नका. रिकामी आहे ना, ते स्वतः मोडून बघा. नळ्या काढून उजेडाकडे धरा: आत गंजाचे खड्डे किंवा पोचा दिसला तर नको. नळ्या बोटावर लटकवून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. थप्प आवाज आला तर पट्टीचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, सुटलाय. पुढचं लाकूड काढून बंदूक हलवा, सांधा खुळखुळू नये. रिकाम्या बंदुकीचे घोडे चढवून दस्ता रबरी चटईवर आपटा, घोडा पडला तर चाप धोकादायक आहे. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस पद्धतीची जुनी नळी. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाची, लांबी बहुतेक लोक विसरतात. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजचं काडतूस साधारण ७० चं. बंद काडतूस आत मजेत बसतं, म्हणूनच फसायला होतं. उडाल्यावर त्याच्या तोंडाला उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

शेवटी दस्ता कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा. बोटाचं पेर सहज चापापर्यंत पोचलं तर माप बरोबर. बंदुकीवरचा नंबर कागदाशी स्वतः ताडून घ्या.

काडतूस

आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं बारा बोरवाल्यांच्या ओळखीची. काडतुसात छर्ऱ्याचे दाणे असतात: एलजी या प्रकारात ते मोठे आणि थोडे, चार नंबरमध्ये बारीक आणि पुष्कळ. शॉटगनला नेम लागत नाही ही समजूत मात्र खोटी. खोलीभराच्या अंतरावर छर्रा फार तर पंज्याएवढा पसरतो, म्हणजे नेम चुकला की सगळंच चुकलं. त्यातून मोठा दाणा लाकडी दार आणि प्लायवूडची भिंत पार करतो. वाड्याच्या दगडी भिंतीआड शेजारी सुरक्षित असतील, नव्या कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये पलीकडे कोण झोपतं ते आधी आठवा.

घरी आणल्यावर

बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या तुमच्याजवळ. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर बार टाकला तर कोर्टात तुम्हीच उभे राहाल. वरातीत हवेत बार काढणं २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि निवडणूक लागली की थान्यात बंदूक जमा करायचा हुकूम येतो. देताना पावती घ्या आणि नळीला तेलाचा हात फिरवून द्या, कारण तिथून परत येईपर्यंत पावसाळाही लागलेला असू शकतो.