स्कोपला ओ/ई कन्व्हर्टर जोडायच्या आधी

आधी लेझरची वेव्हलेंग्थ बघून घ्या, कारण ओ/ई कन्व्हर्टर म्हणजे प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलून ऑसिलोस्कोपला देणारा डबा, आणि त्याच्या पोटात शेवटी एक फोटोडायोडच (प्रकाश पडला की करंट देणारा डायोड) असतो आणि सिलिकॉनवाला 1100 नॅनोमीटरच्या पुढे जवळपास आंधळाच, त्यामुळे 1310 नाहीतर 1550 वर काम असेल तर इंडियम गॅलियम आर्सेनाइडवाला काढून ठेवा. पॉवर मीटर घेतलाच पाहिजे, कंटाळा करू नका. फायबर आधी मीटरला लावून डीबीएमचा (1 मिलिवॅटच्या तुलनेत पॉवर किती, त्याचा) आकडा वहीत लिहायचा, डेटाशीटमधल्या मॅक्सिमम इनपुटशी ताडून बघायचा आणि जास्त भरला तर मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे प्रकाश कमी करणारा तुकडा, टाकायचा. डायोड उडायच्या बऱ्याच आधी सॅच्युरेशन येतं, म्हणजे प्रकाश वाढला तरी आउटपुट वाढत नाही, पल्सचे माथे चपटे दिसायला लागतात आणि आपण बसतो लेझरला शिव्या घालत.

आता कनेक्टर. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक 8 अंशात तिरकं घासलेलं असतं, आणि निळा म्हणजे सरळ. मी एकदा घाईत हिरवा निळ्याच्या ॲडाप्टरमध्ये खुपसला, बसला पण झकास, आणि मग सिग्नल एवढा कमी का येतोय म्हणून अर्धा दिवस केबल बदलत बसलो, टोकं एकमेकांना नीट टेकतच नव्हती! म्हणून पॅचकॉर्डचे दोन्ही प्रकार जवळ ठेवा, क्लीनर पेन ठेवा, आणि दरवेळी जोडायच्या आधी टोक पुसा, सिंगल मोडचा कोअर जेमतेम 9 मायक्रॉनचा, धुळीचा एक कण पुरतो. टोक मायक्रोस्कोपखाली बघताना लेझर बंद, हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करतो.

स्कोपचं इनपुट 50 ओहमवर आहे ना बघा. 1 मेगाओहमवर राहिलं तर पल्सची शेपटी लांबच लांब ओढली जाते. सिग्नल किती येईल हेही कागदावर काढून ठेवा, आत ॲम्प्लिफायर नसेल तर 100 मायक्रोवॅट गुणिले 0.9 अँपिअर प्रति वॅट गुणिले 50 ओहम म्हणजे फक्त 4.5 मिलिव्होल्ट, तेव्हा स्क्रीनवर बारीकशी रेघ हलली तर घाबरू नका. बँडविड्थचंही तसंच, 1 गिगाहर्ट्झचा कन्व्हर्टर म्हणजे साधारण 350 पिकोसेकंद राइज टाइम (सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ), स्कोपही तेवढाच असेल तर दोघं मिळून 495 च्या आसपास, मग 200 ची कड त्यात कशी दिसणार? आणि प्रकाश निम्मा झाला की व्होल्टेजही निम्मं होतं, म्हणजे ऑप्टिकल 3 डीबी हे इलेक्ट्रिकलमध्ये 6 डीबी, इथे भलेभले गोंधळतात.

बाकी एसएमए केबल, ईएसडी पट्टा (स्टॅटिक विजेपासून वाचवणारा मनगटी पट्टा), चार्जर ही किरकोळ मंडळी. वॉर्मअप झाला की टोपण लावून अंधारातली लेव्हल नोंदवा, कारण एक्स्टिंक्शन रेशो (लेझरच्या चालू आणि बंद पातळीतल्या पॉवरचं गुणोत्तर) काढायचा असेल तर शून्य कुठे आहे ते माहीत हवंच, आणि कन्व्हर्टर एसी कपल्ड, म्हणजे स्थिर डीसी भाग अडवणारा, असेल तर तो आकडा त्यातून मिळणारच नाही, त्यामुळे बॅगेत टाकायच्या आधी लेबल वाचा.