लिव्हर कॅन्सरचा एमआरआय : काढताना आणि वाचताना या चुका टाळा

बाहेरून आलेल्या सीडी लावल्या की त्याच त्या चुका पुन्हा दिसतात. मशीन नवं, चुंबक तीन टेस्लाचा, कॉन्ट्रास्ट महागडा, आणि निदान मात्र चुकलेलं. सिरॉसिस झालेल्या (कडक, व्रणमय झालेल्या) लिव्हरमधला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी, हा बायोप्सी न करता नुसत्या चित्रावरून पक्का करता येणाऱ्या मोजक्या कॅन्सरांपैकी एक. त्यामुळे इथे चित्र बिघडलं तर सावरून घ्यायला मागे दुसरं कुणी नसतं. नुकतेच एमडी झालेले डॉक्टर आणि कन्सोलवर बसणारे टेक्निशियन, दोघांसाठी हे लिहिते आहे.

आर्टिरियल फेज हुकवणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, एचसीसीच्या गाठीला मुख्यतः धमनीतून. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर काही सेकंद गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळते आणि पुढे काळवंडते (या काळवंडण्यालाच वॉशआउट म्हणतात). उजळण्याचे सेकंद टिपणारा स्कॅनचा टप्पा म्हणजे आर्टिरियल फेज. ते सेकंद गेले की गेले.

हिपॅटायटिस बी असलेला, खानदेशातला एक शेतकरी. एएफपी (लिव्हर कॅन्सरचा संकेत देणारा रक्तातला घटक) वाढलेलं होतं म्हणून जवळच्या सेंटरवर एमआरआय झाला. रिपोर्ट आला : ‘आर्टिरियल एन्हान्समेंट नाही, रिजनरेटिव्ह नोड्यूल, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.’ म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ. सांगितल्याप्रमाणे तो सहा महिन्यांनी आला, तेव्हा गाठ पोर्टल व्हेनच्या उजव्या फांदीत शिरली होती. जुनी सीडी उघडली. आर्टिरियल फेजमध्ये महाधमनी पांढरीशुभ्र आणि पोर्टल व्हेन काळीकुट्ट. म्हणजे फेज फार लवकर घेतलेला, कॉन्ट्रास्ट गाठीपर्यंत पोचलाच नव्हता. तिथे सगळ्या पेशंटना एकच ठराविक वेळ लावायची पद्धत होती. या माणसाचं हृदय कमजोर होतं, इकोचा कागद त्याच फाइलमध्ये होता, पण तो कुणी उलगडला नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यानेही फेज बरोबर जमला आहे का हे न बघता ‘एन्हान्समेंट नाही’ लिहून टाकलं.

गाठ लहान होती तेव्हा ऑपरेशन किंवा गाठ जागीच नष्ट करणाऱ्या अ‍ॅब्लेशनचा विचार करता आला असता. शिरेत शिरलेली गाठ बीसीएलसी या लिव्हर कॅन्सरच्या टप्प्यांच्या वर्गवारीत थेट ‘सी’ म्हणजे पुढच्या टप्प्यात जाते. ट्रान्सप्लांटसाठी १९९६ पासून वापरात असलेल्या मिलान निकषांतही (एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येकी ३ सेंमीपर्यंत) शिरेतला ट्यूमर बसत नाही.

माझी सवय अशी : गाठीकडे बघायच्या आधी शिरांकडे बघायचं. हेपॅटिक धमनी उजळलेली, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट आलेला, हेपॅटिक व्हेन्स अजून काळ्या. असं असेल तर फेज जमला. नसेल तर रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत तसं लिहायचं आणि तपासणी पुन्हा करायला सांगायची. पेशंटचे पैसे जातील म्हणून लोक संकोचतात. चुकीच्या फेजवर ‘काही नाही’ लिहिणं त्या पैशांपेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि टेक्निशियनने ठराविक आकड्यावर विसंबू नये. कॉन्ट्रास्ट महाधमनीत आलेला डोळ्यांनी बघावा आणि मग फेज सुरू करावा.

श्वासाचंही तसंच. मशीनमधून इंग्रजीत ‘ब्रीद आउट, होल्ड’ असा आवाज येतो आणि आत अहिराणी बोलणारी आजी गोंधळून नेमका त्याच वेळी मोठा श्वास घेते. इंजेक्शनच्या आधी तिच्या भाषेत दोन-तीनदा सराव करून घ्या : ‘आजी, श्वास सोडा, आता थांबा, हलू नका.’ वेळ वाचवायला सराव गाळणारे मला अजिबात पटत नाहीत. गॅडोक्सेटेट हा कॉन्ट्रास्ट वापरताना तर हे जास्तच जपावं लागतं. या औषधाने काही पेशंटना नेमकं आर्टिरियल फेजलाच थोडा वेळ धाप लागल्यासारखं होतं. सेकंदाला १ मिली या संथ गतीने द्या, पेशंटला आधी कल्पना द्या, आणि मशीनला जमत असेल तर एकाच श्वासात दोन-तीन आर्टिरियल फेज घ्या.

गॅडोक्सेटेटवर ‘वॉशआउट’ कुठेही वाचणं

लिव्हरच्या पेशी हे औषध स्वतःत ओढून घेतात. दोन-तीन मिनिटांनंतर आजूबाजूचं लिव्हर उजळू लागतं आणि औषध न ओढणारी कुठलीही गाठ त्यापुढे काळी दिसते. तो वॉशआउट नव्हे. साधा हिमॅन्जिओमासुद्धा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) तिथे काळा दिसतो आणि घाईघाईत त्याला कॅन्सर ठरवलं जातं. या औषधावर वॉशआउट फक्त आर्टिरियलनंतरच्या पोर्टल व्हीनस फेजमध्येच मोजा. बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल तर इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी घेतलेल्या फेजमध्ये लिव्हर नीट उजळत नाही, त्या चित्रावर फार भिस्त ठेवू नका.

‘टिपिकल दिसत नाही, म्हणजे एचसीसी नाही’

आक्रमक गाठी बऱ्याचदा पुस्तकातल्या चित्रासारख्या नसतातच. कडेला उजळलेलं वलय, मध्ये मोठा नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग), डिफ्युजनवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या चित्रांवर) लखलखीत, कडा वेड्यावाकड्या. नवशिका बघतो आणि ‘अ‍ॅब्सेस’ (पूचा फोड) लिहून मोकळा होतो. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, एएफपी मात्र हजारांत, हे विचारायचं राहून जातं. मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह हा एचसीसीचा वाईट प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात आहे. त्यात भरपूर नेक्रोसिस आणि गाठीच्या आतून जाणाऱ्या धमन्या दिसू शकतात. वलयासारखी उजळणारी गाठ लाय-रॅड्समध्ये (चित्रावरून लिव्हरच्या गाठींची वर्गवारी करायची पद्धत) एलआर-एम ठरते. याचा अर्थ कॅन्सरची दाट शंका आहे, फक्त एचसीसीच आहे असं चित्रावरून म्हणता येत नाही. इथे बायोप्सीचं बोला.

शिरेतल्या गुठळीचंही असंच होतं. ‘पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस’ एवढं लिहून सोडू नका. शीर फुगली आहे का, आतला भाग आर्टिरियल फेजला उजळतो का, डिफ्युजनवर गाठीसारखाच दिसतो का, हे तपासा. उजळत असेल तर तो शिरेतला ट्यूमर आहे आणि उपचाराची सगळी दिशा बदलते.

काही छोट्या चुका

लाय-रॅड्स सरसकट सगळ्यांना लावू नका. ते सिरॉसिस, जुनाट हिपॅटायटिस बी किंवा आधी एचसीसी झालेल्या प्रौढांसाठी आहे. बड-कियारीत (लिव्हरच्या शिरा तुंबण्याचा आजार) तर अजिबात नाही, तिथे साध्या गाठीही जोरात उजळतात.

मुळातच टी-वनवर (कॉन्ट्रास्टआधीच्या चित्रावर) पांढरी असलेली गाठ सबट्रॅक्शनशिवाय (नंतरच्या चित्रातून आधीचं वजा केल्याशिवाय) वाचू नका.

जुन्या फिल्म मागवल्याशिवाय ‘वाढ’ लिहू नका. सहा महिन्यांच्या आत आकार निम्म्याने किंवा त्याहून अधिक वाढला, तरच ती लाय-रॅड्सच्या निकषात बसते.

भाकीत करण्याची घाई

गाठीभोवती आर्टिरियल फेजला पसरलेला उजेड, ओबडधोबड कडा, वीस मिनिटांच्या फेजमध्ये गाठीबाहेरही काळा पट्टा. ही सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव झाल्याची लक्षणं असू शकतात आणि सर्जनला ती जरूर कळवा, कारण किती मोकळी कड ठेवून कापायचं हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो. पण रिपोर्टमध्ये ‘शिरकाव आहे’ असं लिहू नका, ‘शंका आहे’ लिहा. तो सिद्ध होतो मायक्रोस्कोपखालीच. आणि पेशंट किती जगेल याचा अंदाज नुसत्या गाठीवरून करू नका. चाइल्ड-पग (लिव्हर किती काम करतं याचा स्कोअर) काय आहे, जलोदर आहे का, माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला का, हे निकालात गाठीइतकंच मोजलं जातं.

उपचारांनंतरच्या स्कॅनला तर आणखी धीर लागतो. रेडिएशन दिलेली गाठ कित्येक महिने आर्टिरियल फेजला उजळत राहू शकते. पहिल्याच स्कॅनवर ‘ट्यूमर जिवंत’ लिहून पेशंटला नव्या उपचारांच्या रांगेत उभं करू नका. आधीच्या स्कॅनशेजारी ठेवून आकार बघा, वाढत नसेल तर पुढच्या स्कॅनची तारीख द्या.