साताऱ्यात भाड्याची गाडी स्वतः चालवायची, तर…

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून भाचा आला आणि चहा प्यायच्या आत म्हणाला, "मामा, ड्रायव्हर नको. गाडी भाड्याने घेऊ, मी चालवतो. कास, ठोसेघर, महाबळेश्वर, जमलं तर कोल्हापूर." दिवाळीत कासला फुलं नसतात, ती ऑगस्टच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हे सांगून पाहिलं. पठार तर असतं ना, म्हणाला. मग त्याच्या शेजारी पाच दिवस बसलो. त्या पाच दिवसांत जे कळलं आणि त्याआधी स्वतःच्या खिशाला चाट लावून जे कळलं होतं, ते क्रमाने सांगतो.

गाडी कुठून घ्यायची

पुण्यात गाड्या भरपूर, निवडीला वाव मोठा. पण पुणे-सातारा साधारण ११० किलोमीटर. जाऊन-येऊन २२० किलोमीटर नुसत्या हायवेवर जातात, आणि बहुतेक ठिकाणी दिवसाला ठरावीक किलोमीटरच भाड्यात धरलेले असतात. त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे वेगळे. दोन-तीन दिवसांचीच सहल असेल तर स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला यावं आणि गाडी इथेच घ्यावी. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, हे लक्षात ठेवा. आठवडाभर फिरायचं असेल तर मात्र पुण्यातून घेतलेली परवडते.

नंबरप्लेटचा रंग

ही पायरी लोक हमखास गाळतात. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. "आमच्या मित्राची आहे, घरचीच समजा" असं म्हणत पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देणारे गावोगाव आहेत. मीही एकदा घेतली आहे. काही झालं नाही, म्हणून आज हे सांगतोय. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला चालत नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्याने दिली होती हे उघड झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई करायला मालक आणि तुम्ही दोघेच उरता. दिवसाचे पाचशे रुपये वाचवण्यासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

लायसन्स

हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हवं. शिकाऊ चालत नाही, टॅक्सीवाल्यांचा बॅज लागत नाही. कायद्याने १८ वर्षं पूर्ण झालेली पुरतात, पण गाडी देणारे बरेचदा २१ वर्षं पूर्ण आणि लायसन्स वर्षभर जुनं असं मागतात, तेव्हा फोनवरच विचारून घ्या. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स पोलीस मान्य करतात. तरी मूळ कार्ड खिशात असू द्या, कारण घाटात रेंज जाते.

परदेशातून येणाऱ्यांना त्यांच्या देशाचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही लागतात. हा परवाना तिकडूनच निघण्याआधी काढावा लागतो. इथे आल्यावर साताऱ्याच्या आरटीओत कितीही ओळखी असल्या तरी उपयोग नाही. करारात ज्याचं नाव, त्यानेच गाडी चालवायची. "थोडा वेळ मला दे की" म्हणणारे मेव्हणे प्रत्येक घरात असतात. त्यांचं नाव आधीच करारात घालून घ्या, नाहीतर प्रवासभर त्यांना मागे बसवा.

पैसे देण्याआधी चार गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: दिवस म्हणजे चोवीस तास की तारीख, अनामत किती आणि कधी परत, उशीर झाल्यास तासाला काय, आणि नुकसान झालं तर तुमच्यावर जास्तीत जास्त किती रक्कम येणार. बेळगाव किंवा गोव्याकडे उतरायचा विचार असेल तर राज्याबाहेर न्यायची परवानगी आणि कर कोण भरणार, तेही त्यातच.

आवारातला अर्धा तास

गाडी ताब्यात घेताना माणूस घाईत असतो आणि गाडी देणारा त्याहून घाईत. एकदा मी अशीच चार मिनिटांत किल्ली घेतली. परत करताना तिथला मुलगा सरळ गुडघ्यावर बसला, पुढच्या बंपरखाली हात घातला आणि म्हणाला, "काका, इथं घासलंय." घासलेलं जुनंच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण पुरावा काय? चार हजार रुपये अनामतीतून गेले.

तेव्हापासून आधी व्हिडिओ. सुरुवात नंबरप्लेटपासून, मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी, बंपरच्या खालची बाजू, चारही रिम, काचेवरचे तडे, आरसे. मग आत बसून किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. हा व्हिडिओ तिथेच उभं राहून त्यांना पाठवायचा. मग स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, ते पाहायचं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजलेली असेल तर टायर बाद समजतात. पावसाळ्यात मी त्याच्या दुपटीखालचा टायरसुद्धा घेत नाही, सरळ दुसरी गाडी मागतो. वायपर, हॉर्न, मागचे दिवे, एसी. आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा.

आणखी दोन गोष्टी. फास्टॅग काचेवर आहे का आणि त्यात पैसे आहेत का? पुण्याकडे खेड शिवापूर आणि आनेवाडी, कोल्हापूरकडे तासवडे आणि किणी असे टोलनाके लागतात. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल बसतो. दुसरी गोष्ट, गाडीचा नंबर ई-चलनाच्या साइटवर टाकून थकलेली चलनं पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. चलन गाडीच्या नंबरवर फाडतात, आणि आधीच्या भाडेकरूचा पराक्रम तुमच्या अनामतीतून फेडला जायला नको. गाडीत पेट्रोल घालायचं की डिझेल, हेही टाकीच्या झाकणावर वाचून घ्या. हसू नका, असं झालेलं आहे.

पहिले दहा किलोमीटर

लगेच घाट चढू नका. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती दाबला की लागतो, गाडीचं नाक किती लांब आहे, हे हाताला आणि पायाला कळू द्या. भाच्याला मी सकाळी सहाला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. डावी बाजू त्याला सरळ रस्त्यावर जमत होती. चुकायचा तो उजवीकडे वळताना आणि पंपावरून बाहेर पडताना. तिकडून आलेल्या कुणालाही हे दोन क्षण सांभाळायला सांगा.

हायवेवर त्याची आणखी एक समजूत मोडली. समोरून ट्रकने दिवा मारला. "मामा, तो मला जागा देतोय ना?" अरे बाबा, तो म्हणतोय की मी येतोय, तू थांब! तीच गोष्ट ट्रकच्या उजव्या इंडिकेटरची. त्याचा अर्थ 'मी वळतोय' असाही होतो आणि 'तू जा पुढे' असाही. ट्रक खरंच काय करतोय हे दिसेपर्यंत मागेच राहा. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, पण जागोजागी कमी वेगाचे फलक आहेत आणि चलन त्या फलकाप्रमाणे येतं. शिवाय बऱ्याचशा भाड्याच्या गाड्यांत जीपीएस असतो, तुमचा वेग मालकाच्या मोबाइलवर दिसतो. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, न लावल्यास दंड. साताऱ्याच्या दक्षिणेला कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम काही वर्षं चाललं आहे, त्यामुळे वळणरस्ते अचानक येतात. डाव्या कडेने उलट्या दिशेने येणारी दुचाकी मात्र कुठेही भेटेल. ती येणारच असं धरून चाला.

घाट

साताऱ्यात राहून घाट टळत नाही. कासला यवतेश्वरचा, पाचगणीला वाईहून पसरणीचा, महाबळेश्वरला मेढ्याकडून केळघरचा. चढायला कुणीही चढतो. शिकायचं असतं ते उतरणं.

नियम जुना आणि सोपा आहे: ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे बहुधा दुसरा, कधी तिसरा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला फक्त वळणापाशी काम उरतं. चौथ्यात टाकून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापतात, तेल उकळायला लागतं, त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. पसरणीच्या उतारावर जळका वास येतो तो याचाच. तसा वास स्वतःच्या गाडीचा आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास चहा प्या. चाकावर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. त्यांच्या गाडीत बसू नये.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर डी सोडून मॅन्युअल किंवा एल कसं लावायचं, ते आवारातच विचारून घ्या. छोट्या गाड्यांतल्या एएमटी गिअरमध्ये क्लच असतोच, फक्त तो मशीन दाबतं. चढावर गर्दीत अडकल्यावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की हा क्लच जळतो, आणि जळलेला क्लच विम्यात बसत नाही. हँडब्रेक ओढा, पुढची गाडी हलली की सोडा.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. हा शिष्टाचार तर आहेच, पण रस्त्याच्या नियमांतही लिहिलेला आहे. एसटीला हेअरपिन वळणावर सगळा रस्ता लागतो, ती दिसली की वळणाच्या आधीच थांबा. वळण कापू नका, हॉर्न द्या. इथे हॉर्नला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. फुलांच्या दिवसांत सुटीच्या दिवशी कासकडे वाहतूक एकेरी करतात आणि गाडी पठारापासून लांब लावावी लागते. नकाशा काहीही म्हणो, फाट्यावरचा पोलीस सांगेल तिकडे वळा.

धुक्यात खालचा दिवा (लो बीम) लावा. वरचा लावला तर उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून पळायची फॅशन आहे, पण त्यामुळे तुम्ही वळणार की नाही हे मागच्याला कळत नाही. ते गाडी उभी असतानाच. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि साध्या विम्यात ते नुकसान मिळत नाही.

ऊस, मेंढरं आणि रात्र

दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत कराड, सांगली, कोल्हापूरच्या सगळ्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात तुम्हाला आधी काहीच दिसत नाही, आणि मग एकदम भिंत. ओलांडताना दुसरी ट्रॉली हिशेबात धरा. ट्रॉली सावकाश जात असेल तर मागून कांडं ओढायला पोरं धावत असतात, तीही बघा. आम्हीही ओढली आहेत, पण तेव्हा रस्त्यावर गाड्या एवढ्या नव्हत्या. पाऊस सरला की धनगरांची मेंढरं. इंजिन चालू ठेवून गप्प थांबायचं, मेंढपाळ वाट करून देतो. आषाढात माउलींची पालखी लोणंद-फलटण मार्गाने जाते, त्या दिवसांत तो रस्ता टाळा किंवा मग गाडी लावून सरळ दर्शन घ्या. माझं ऐकाल तर सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा.

काही झालंच तर

माणूस जखमी असेल तर आधी १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मग फोटो, मग गाडीमालकाला फोन. अपघाताची खबर चोवीस तासांच्या आत पोलिसांना देणं चालकावर बंधनकारक आहे. समोरच्याशी रस्त्यातच "मिटवून टाकू" करू नका आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये परस्पर पत्रा ठोकून घेऊ नका. विम्याचा सर्व्हे व्हायच्या आत दुरुस्ती झाली की दावा अडकतो. पंक्चर मात्र खुशाल काढा, पावती ठेवा.

परत देताना

उजेडात द्या. घेतलेल्या काट्यापर्यंत इंधन भरा, तोच व्हिडिओ पुन्हा काढा, टोलचा हिशेब तिथेच करा आणि "गाडी ठीक मिळाली" एवढं एक वाक्य मेसेजवर घ्या. ब्लूटूथमधून आपला फोन काढून टाका, नाहीतर पुढच्या भाडेकरूला तुमच्या आईचे फोन दिसत राहतील. आणि सीटखाली, दाराच्या कप्प्यात, डिकीत हात घालून बघा. भाच्याने एवढं सगळं चोख केलं आणि न्यू जर्सीला न्यायचा किलोभर कंदी पेढ्यांचा पुडा डिकीत ठेवून आला. तासाभराने फोन केला, तर पलीकडून अगदी साळसूद आवाज: "पुडा? कसला पुडा, काका?"